पवनाकाठचं तोंड, इंद्रायणीकाठचं तोंड

बायकांची तोंडं मोजणं ही माझी पहिली नोकरी. पुढे आयुष्यभर मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं आणि तिथूनच रिटायर झाले, पण त्याबद्दल मला कुणी एक अक्षर विचारत नाही. तोंडं मोजायची म्हटलं की मात्र लोक खुर्ची पुढे ओढतात. या अंकाच्या संपादकांनीही 'त्या काळच्या संशोधनात स्त्रियांचं योगदान' असं काहीतरी भारदस्त लिहून मागितलं आहे. योगदान कसलं डोंबलाचं! एका मोठ्या माणसाला एक हट्ट सिद्ध करायचा होता, आणि त्यासाठी परक्या बायकांच्या गालांना हात लावणारी एक बाई त्याला हवी होती. ती मी.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतली. पुण्यातल्या एका संस्थेत आमचे साहेब परदेशातून शिकून आले होते. येताना त्यांनी एक पदवी, एक हॅट आणि एक सिद्धान्त आणला. हॅट त्यांनी उन्हाळ्यात तरी काढली, सिद्धान्त कधीच काढला नाही. तो असा: पवनेच्या काठी राहणारे शेतकरी आणि इंद्रायणीच्या पलीकडे चाकणच्या अंगाला राहणारे शेतकरी दिसायला एक, आडनावांनी एक, देव एक, भाकरी एक, पण त्यांच्या तोंडांचा घाट वेगळा. पवनेकाठचे लोक मावळातल्या डोंगरातून उतरले म्हणून त्यांची तोंडं रुंद, आणि इंद्रायणीकाठचे सपाटीवरचे म्हणून त्यांची लांबट. दोन नद्यांमध्ये बैलगाडीची अर्ध्या दिवसाची वाट. एवढ्या वाटेत माणसाचं तोंड कुठे बदलतं हे साहेबांना शोधायचं होतं. बदलतं का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. तो परदेशातच मिटवून आले होते.

आधी त्यांनी एक पुरुष मोजणीदार नेमला. त्यानं पुरुषांची तोंडं मोजली तोवर ठीक होतं. मग एका गावात त्यानं एका सुनेच्या हनुवटीकडे हात नेला आणि गावानं त्याला कंपाससकट वेशीबाहेर घातला. तेव्हा साहेबांना शोध लागला की बायकांना मोजायला बाई लागते. एवढं कळायला त्यांना परदेशी जाऊन यावं लागलं, आणि तरी शेवटी सुनेच्या सासऱ्याकडूनच कळलं.

काम काय असायचं ते सांगते. वाकड्या पायांचा एक कंपास असे, म्हशीच्या शिंगांसारखा. गावात त्याला चिमटा म्हणत. त्याची दोन टोकं दोन्ही गालांच्या हाडांवर, जिथे हाड सगळ्यांत बाहेर येतं तिथे टेकवायची. ही रुंदी. मग नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या टोकापर्यंत. ही लांबी. लांबीला रुंदीनं भागायचं की झाला तुमचा चेहरा. या एका भागाकारावर साहेबांचा सगळा प्रपंच उभा होता. मोजताना बाईनं ताठ बसायचं, दातावर दात ठेवायचे, हसायचं नाही, बोलायचं नाही. आता चार बायका खिडकीतून बघत असताना, एक अनोळखी बाई तोंडाला चिमटा लावत असताना, जिला हसू येणार नाही अशी बाई मी तरी पाहिली नाही.

हात मात्र माझा हलका होता, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. शिवणात बोटांना कापडाखालची शिवण लागते, तसं मला मांसाखालचं हाड लागायचं. एकाही बाईला चिमटा टोचला नाही. पण एवढ्या हलक्या हाताचा अनुभव गाठीशी धरून सांगते: टोक जरा दाबलं की रुंदी कमी होते, जरा सैल धरलं की वाढते. तोंडात मिश्री असली की गाल फुगतो. दात पडले की लांबी जाते. एकाच बाईला मी सकाळी मोजावं आणि साहेबांच्या बहिणीनं, जी कधीमधी हौसेनं यायची, तिनं दुपारी मोजावं, तर त्या एका बाईच्या दोन तोंडांत जेवढा फरक पडे, तेवढा दोन नद्यांच्या सरासरीतही निघत नव्हता. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आकडे पुष्कळ झाले की चुका आपोआप एकमेकींना खाऊन टाकतात." चुका एकमेकींना खात असत्या तर जगात साहेब उरलेच नसते.

गिऱ्हाइकंही एकेक होती. पिंपरीला तेव्हा औषधाचा कारखाना उभा राहत होता. त्यामुळे कुणीतरी उठवून दिलं की ज्यांचं तोंड मापात बसेल त्यांच्या घरच्या माणसाला तिथे कामाला घेणार. मग काय, एरवी दार न उघडणाऱ्या बायका रांगेत! एकीनं मला अंड्यांची टोपली देऊ केली. म्हणाली, "बाई, थोडं इकडचं तिकडं करा, पन आमच्या ह्यांना चिकटवा." मी म्हटलं, अहो, तोंड तुमचं मोजतेय, नोकरी त्यांना कशी लागेल? तर म्हणते, "घरात त्वांड माजंच चालतंय की!" हे मात्र खरं होतं, तिचा नवरा ओट्यावर गप्प बसला होता. दुसरी एक पाटलीण. नाकंही मोजायची असत, आणि तिला नाकाची लांबी कमी लिहिलेली खपेना. तिसरी नथ काढायला तयार नाही, आणि नथीसकट नाकाची रुंदी घेतली तर साहेबांच्या सिद्धान्तात न बसणारी नवीच जमात निघाली असती.

थेरगावात मात्र मला एका म्हातारीनं जमिनीवर आणलं. तिचं मोजून झालं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "गाव?" ती म्हणाली, "थेरगाव." मी लिहिलं. मग तिच्या तीन सुना मोजल्या, चौथी शेजारीण मोजली. सगळ्या थेरगाव. म्हातारी बघत होती. म्हणाली, "बाई, कशापायी मोजताय हे?"

मी पढवल्यासारखं सांगितलं, की पवनेकाठच्या माणसांचा तोंडवळा कसा असतो ते बघायचंय.

म्हातारी जी हसायला लागली ती थांबेचना. "आवं, मंग आमास्नी कशाला मोजताय? थेरगावच्या लेकी थेरगावात असत्यात व्हय? त्या गेल्या नांदायला. मी निघोज्याची. ही थोरली मोशीची, ही चिंबळीची. धाकटी कुरुळीची. पवनाकाठचं त्वांड पायजे तर जावा की तिकडं पल्याड, आमच्या नणंदा तकडंच हायेत समद्या!"

निघोजे, मोशी, चिंबळी, कुरुळी, सगळी इंद्रायणीच्या अंगाची गावं. आपल्याकडे गावातली मुलगी गावात देत नाहीत, सगळं गाव भावकीचं असतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण लग्न झालेल्या बाईला गाव विचारलं की ती सासरचंच सांगते, कारण तिला तेच सांगायला शिकवलेलं असतं. मी पुण्याच्या पेठेतली, मलाही सुचलं नव्हतं. तेव्हा आमच्या पवनेकाठच्या बायका निम्म्याशिम्म्या इंद्रायणीकाठच्या होत्या आणि इंद्रायणीकाठच्या बायकांत पवनेकाठच्या. आणि तरीसुद्धा साहेबांना दोन्ही काठांत फरक सापडला होता! याला म्हणतात विद्वत्ता.

मी पुण्याला येऊन साहेबांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "लग्नानंतर स्त्री त्या समूहाचीच होते," म्हणाले. मी म्हटलं, साहेब, समूहाची होत असेल, पण गालाचं हाड माहेरूनच येतं. ते म्हणाले, "तुम्ही मोजा. विचार करायला आम्ही आहोत."

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला बसले तो सांगते.

पवनेकाठच्या पुनावळ्यात साहेबांनी एकदा चावडीवर भाषण ठोकलं. फळ्यावर खडूनं दोन तोंडं काढली. एक भोपळ्यासारखं, एक दुधी भोपळ्यासारखं. सांगितलं की तुम्ही आणि ते पलीकडचे लोक एक दिसता, पण शास्त्र म्हणतं तुमचा उगम वेगळा असावा. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेत आबा बसले होते. गावातले वजनदार गृहस्थ, पांढरी मिशी, पाहण्यासारखा फेटा. त्यांनी नुसती मान डोलावली नाही, ते वाक्य पदराला बांधून घरी नेलं.

कारण असं की आबांच्या मुलाचं लग्न कुरुळीच्या हिराशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती. आणि मागाहून चिंचवडकडचं एक स्थळ आलं, ज्यांची जमीन कारखान्याच्या रस्त्याला लागून होती. आबांना ते हवंसं वाटलं. पण फुटलेली सुपारी परत कशी जुळवायची? शब्द मोडला तर चार गावांत छी थू होईल. आबांना मोडायचं होतं, पण मोडणारे आपण दिसायचं नव्हतं. तेव्हा त्यांना साहेबांचा दुधी भोपळा आठवला. त्यांनी कुरुळीला निरोप धाडला: शहाणी माणसं म्हणतात की तुमचं आणि आमचं मूळ वेगळं, तोंडवळाच सांगतो. पोरीचं तोंड मोजून घेऊ. आमच्यात बसलं तर लग्न, नाही तर राम राम.

हिराच्या बापाची, सखारामची, काय अवस्था झाली असेल? सुपारी फुटलेली मुलगी मूळ वेगळं म्हणून परत आली, तर पुन्हा तिला दारात कोण उभं करणार? नुसती तिला नाही, तिच्या मागच्या बहिणींनाही. बिचारा मुलीला बैलगाडीत घालून पुनावळ्याला आला.

आणि आमचे साहेब? त्यांना कुणीतरी समज दिली असेल, त्यांनी आबांना फटकारलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला साहेब कळलेच नाहीत. ते खूश होते! "खेड्यापाड्यांत शास्त्राला मान मिळायला लागला," असं मला बसमध्ये म्हणाले. आबांच्या घरातल्या बायकांनी आजवर मोजून घ्यायला नकार दिला होता. आता आयत्या मिळणार होत्या.

आबांच्या अंगणात सतरंजी टाकलेली होती. पंच म्हणून आणलेली माणसं पान खात होती. सखाराम कडेला, चपला हातात घेऊन. नवरा मुलगा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा, जणू दुसऱ्याच कुणाचं लग्न मोडत होतं. हिराला मी आतल्या खोलीत घेतलं. सतरा-अठराची पोर. दंडावर गोंदण, हिरवं लुगडं, आणि थंडी वाजल्यासारखी हनुवटी उडत होती. तशा हनुवटीची लांबी घेता येत नाही.

मी म्हटलं, "हिरा, दातावर दात ठेव. रडू नको ग. माप चुकतं."

"हसू नगा म्हनता, रडू बी नगा म्हनता," ती म्हणाली. "मंग करू काय, बाई?"

मी चिमटा खाली ठेवला, तिला पाणी दिलं, तिची हनुवटी थांबेपर्यंत हातात धरून बसले. मग मोजलं. भागाकार केला. साहेबांच्या तराजूनं पाहिलं तर पोर अस्सल पवनाकाठची निघाली! रुंद, भोपळ्यासारखी. मी बाहेर येऊन मोठ्यानं आकडा सांगितला. सखारामच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

साहेब म्हणाले, "एका व्यक्तीवरून काही सिद्ध होत नाही. सरासरी पाहावी लागते."

म्हणजे लांबट निघाली असती तर सिद्ध झालं असतं. आबांनी ताबडतोब री ओढली. "बराबर हाय साह्यबांचं. कवा कवा एखादं निघतंय तसं. पन मूळ ते मूळ. आमच्या घरात तसलं त्वांड आजवर आलं न्हाई, आन् येनार न्हाई."

सखाराम पहिल्यांदा बोलला. "आबा, घरच्या मालकीनबाई आमच्या कुरुळीच्याच की वो. माजी चुलतभन लागती. मंग त्यांचं..."

सगळ्या अंगणाला हे ठाऊक होतं. पंचांना ठाऊक होतं, गोठ्यातल्या म्हशीला ठाऊक असेल. पण ते कुणी बोललं नव्हतं, कारण आबांच्या अंगणात आबांच्या बायकोचं माहेर काढायची रीत नव्हती. आबा मुळीच गडबडले नाहीत. मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "बाई एकदा उंबरा वलांडून आत आली की घरची झाली. तिचं गाव पुसलं. आता ती पुनावळ्याचीच."

साहेबांनी मान डोलावली. अगदी मनापासून डोलावली. एक हॅटवाला, एक फेटेवाला, पण डोकं एकच! त्या क्षणी मला दोघांचा जो संताप आला तो अजून ओसरलेला नाही. हिराच्या नशिबाचा फैसला या दोन शहाण्यांनी एकाच वाक्यावर केला होता, आणि त्या वाक्याला एक शास्त्र म्हणत होता, दुसरा रीत.

साहेब म्हणाले, "बाई, घरातल्या स्त्रिया घ्या आता. सरासरीसाठी."

मी आत हाक मारली. आबांच्या बायको, गोदाबाई, बाहेर आल्या. आतल्या खोलीत नाही, बाहेर, अंगणात. पंचांसमोर सतरंजीच्या मधोमध येऊन बसल्या. मी म्हटलं, "आत बसू या का?" त्या म्हणाल्या, "न्हाई. हितंच." आणि डोक्यावरचा पदर मागे सारला. आबांचं पान तोंडातच राहिलं.

उन्हानं रापलेलं, कपाळावर मोठं कुंकू असलेलं तोंड. मी चिमटा उचलला. नेहमीचा प्रश्न मी त्या दिवशी नेहमीसारखा विचारला नाही. विचारलं, "माहेर?"

"कुरुळी," गोदाबाई म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मोजा बाई नीट. आन् वरडून सांगा. ह्यांनी एवड्या वर्सांत बगितलंच न्हाई, कानानं तरी कळंल."

"गोदे, आत हो," आबा म्हणाले.

"व्हते की. पन आदी सांगा, माजं गाव पुसलं म्हनताय, त्वांड कुटं पुसलंय? ह्येच त्वांड घिऊन आले हितं. तुमच्या आईचं दुकनं काडलं ते ह्याच तोंडानं, तुमच्या पोराला ह्येच त्वांड आलंय. बगा की त्याच्याकडं!"

अंगणातल्या सगळ्या माना गोठ्याच्या भिंतीकडे वळल्या. पोरगा खाली बघायला लागला. आईचंच तोंड होतं. त्याला चिमट्याची गरज नव्हती.

मग गोदाबाई उठल्या, आत गेल्या. आम्हाला वाटलं, बोलून झालं. तर त्या हिराच्या दंडाला धरून बाहेर आल्या आणि तिला घेऊन तडक सखारामच्या गाडीकडे चालू लागल्या. आधी हिराला वर चढवलं, मग स्वतः चढल्या. "सखाराम, जू ठेव बैलांच्या मानंवर," म्हणाल्या. "कुरुळीचं त्वांड ह्या घरात चालत न्हाई. हिचं बी न्हाई आन् माजं बी न्हाई. दोगी येतो."

सखारामनं आबांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि खरोखरच बैल जुंपले. पंचांनी पान थुंकलं. आबा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

साहेब माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "यांना कोणत्या काठात धरायचं?"

मी म्हटलं, "थांबा, साहेब. गाडी सुटते का बघू."

गाडी वेशीपर्यंत गेली. आबांनी आधी मुलाला पाठवलं, गाडी थांबली नाही. एका पंचाला पाठवलं, थांबली नाही. मग आबा स्वतः धावले, फेटा सुटेपर्यंत धावले. बैलांच्या पुढे उभे राहिले, आणि सगळ्या गावादेखत त्यांनी आपल्या हातानं जू उतरवलं. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण गोदाबाई लगेच उतरल्या नाहीत. लग्नाची तारीख आबांच्या तोंडून वदवून घेतली, मगच पाय खाली ठेवला.

साहेबांचं पुस्तक पुढे छापलं गेलं. त्यात दोन्ही काठ वेगळे ते वेगळेच. चकचकीत कागद, दोन्ही तोंडांच्या आकृत्या, शेवटी मदतनिसांचे आभार, त्यात माझं नाव चुकीचं. ते बघून मी राजीनामा दिला असं म्हणायला छान वाटलं असतं, पण राजीनामा मी त्याआधीच दिला होता, पुनावळ्याहून परतताना बसमध्येच. साहेबांनी कारण विचारलं. मी सांगितलं, तुम्हाला कळणार नाही. त्यांना ते खरोखर कळलं नाही, एवढा मान मी त्यांना अजूनही देते.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. त्या अंगणात चिमटा माझ्या हातात होता. गोदाबाईंच्या आधी मी तो साहेबांच्या पुढ्यात आदळायला हवा होता. पण ते काम गोदाबाईंनी केलं, आणि त्यांना त्यासाठी घर सोडायची तयारी ठेवावी लागली. मला फक्त नोकरी.

लग्नाचं बोलावणं मला आलं. साहेबांना नाही. कुरुळीच्या मांडवात गोदाबाई वरमाय म्हणून मिरवत होत्या, नवी पैठणी, पदर डोक्यावरून मागे, आणि आबा त्यांच्या पाठीमागून दोन पावलं अंतर ठेवून चालत होते. मला पाहिल्यावर गोदाबाईंनी हात धरला, हिराजवळ नेलं. हिराचे दात दिसत होते, डोळे वाहत होते, हनुवटी पुन्हा उडत होती.

"बाई," गोदाबाई म्हणाल्या, "आता मोजा की."

मी म्हटलं, "आता नाही मोजता यायचं." आणि तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, दृष्ट काढतात तशी.